जुनी सेमी-ऑटो बारा बोअर बंदूक, काही महिने वापरल्यानंतर: पिस्टनचा नाद सोडा, दस्त्यातली स्प्रिंग बघा

गॅसवर चालणारी सेमी-ऑटो म्हणजे बार उडाला की नळीतला थोडा गॅस पिस्टनला मागे ढकलतो, त्यासोबत बोल्ट (चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बंद करणारा भाग) मागे जाऊन रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते. बंदूक वापरलेली घेतली. जड काडतुसांवर झकास चालायची, पण क्ले पिजनसाठी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या टिपायला) २४ ग्रॅम छऱ्यांची हलकी काडतुसं भरली की रिकामं काडतूस पूर्ण बाहेर फेकलं जायचं नाही, खिडकीतच अडकायचं. दुरुस्तीवाल्याने दोनदा बोल्ट ओढून बघितला आणि पिस्टन, रिंगा, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) अशी यादी हातात ठेवली. एकही स्क्रू न काढता यादी तयार! एवढ्या पैशात वर्षभराची काडतुसं येतात. यादी खिशात घातली आणि घरी बंदूक खोलायला घेतली.

आधी चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी आहेत हे नजरेने बघा, मग बोट घालून बघा. सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगतो.

पुढचा भाग सोपा आहे. फोअरएंड (नळीखालची पुढची मूठ) काढला, नळी उतरवली, पिस्टन बाहेर घेतला. त्यावर काजळीचा कडक थर होता. हॉप्पे नंबर ९ हे बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट लावून थोडा वेळ ठेवला आणि कांस्याच्या ब्रशने घासला. रबरी ओ-रिंग आधीच काढून बाजूला ठेवली, कारण काही सॉल्व्हंटमध्ये रबर फुगतं. ती बोटात हलकेच ताणून बघा, बारीक चिरा दिसल्या तर बदला. नळीतली गॅसची छिद्रं मऊ तारेने मोकळी केली. इथे कुणी ड्रिल घालू नये. छिद्र मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि बोल्ट दरवेळी मागे आपटतो.

इतकं करून फरक पडला, पण पैसे वसूल म्हणावं इतका नाही. हलक्या काडतुसांचं रडगाणं चालूच राहिलं.

खरी गोम दस्त्यात होती. बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्यातल्या एका नळकांड्यात असते. ही मांडणी नवी नाही. जॉन ब्राउनिंगने १९०० साली पेटंट घेतलेल्या आणि पुढे ऑटो-५ म्हणून गाजलेल्या बंदुकीतही ती तिथेच होती. गॅसवाल्या रेमिंग्टन ११०० मध्येही, जी १९६३ साली आली, तिथेच. म्हणजे साठ-सत्तर वर्षं बरेच इंजिनिअर हीच जागा पसंत करत राहिले आणि साफ करणाऱ्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

तपासायची सोपी रीत: बंदूक रिकामी, नळीचं तोंड वर, बोल्ट पूर्ण मागे ओढा आणि हाताने धरूनच हळूहळू पुढे सोडा. त्याने शेवटपर्यंत स्वतःच्या जोरावर बंद व्हायला हवं. माझा बोटभर आधीच थबकायचा आणि मागे ओढताना मध्येच खरखरायचा.

रिकॉइल पॅडचे, म्हणजे दस्त्याच्या मागच्या रबरी गादीचे, स्क्रू रबराच्या आत लपलेले असतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्रीस लावून आत सरकवा, नाहीतर रबर फाटतं. दस्ता बांधून ठेवणारा आतला मोठा स्क्रू सोडवायला लांब दांड्याचा पान्हा लागतो. लाकूड सुटून हातात आलं तेव्हा जुन्या तेलाचा कुबट वास आला. मुठीजवळचं लाकूड काळं पडलं होतं आणि नखाने दाबलं तर खूण उमटत होती. नळकांड्याच्या टोकाची पिन काढताना चष्मा घाला आणि नळकांड्याच्या तोंडावर फडकं दाबून धरा, कारण स्प्रिंग दाबलेली असते. बाहेर आली ती तपकिरी चिकट लगद्याने माखलेली, वेटोळ्यांमध्ये न जळलेल्या दारूचे कण रुतलेले, खालच्या टोकाला तांबूस गंज.

तोवर मी आधीच्या मालकाला आळशी समजत होतो. पण हे आळशाचं काम नव्हे. गडी दर खेपेला हात सैल सोडून तेल ओतत असणार आणि बंदूक दस्त्यावर उभी ठेवत असणार. तेल ओघळत मागे जातं, नळकांड्यात साचतं, धूळ आणि दमट हवा त्यात मिसळते. काही लाकडात मुरतं. म्हणजे बंदूक खराब झाली ती अतिकाळजीने.

स्प्रिंग सॉल्व्हंटने धुतली, गंज बारीक स्टीलवूलने काढला. खड्डे पडले नव्हते, म्हणून तीच परत घातली. नवीचे पैसे वाचले. नळकांडं आतून चिंधीने तोवर पुसलं जोवर चिंधी स्वच्छ निघाली. आता तेल अगदी कंजूषपणे लावतो. स्प्रिंगवर हात फिरवल्याइतकं, बोल्टच्या घसरपट्ट्यांवर एकेक थेंब, बोल्टच्या लॉकवर किंचित ग्रीस. मॅगझिन ट्यूबवर तेलाचं बोट फिरवून लगेच पुसून टाकायचं. पिस्टनजवळ तेल साचू दिलं की काजळी त्याला चिकटून पुन्हा तोच थर धरतो. साफ केल्यावर पहिली रात्र बंदूक नळी खाली करून ठेवतो.

त्यानंतर २४ ग्रॅमची काडतुसं बिनतक्रार चालताहेत. थंडीच्या पहाटेही, जेव्हा जाड तेल आणखी घट्ट होतं. मधल्या काळात ही विकून इनर्शियावाली (गॅसऐवजी बंदुकीच्या धक्क्यावर चालणारी) घ्यावी असं डोक्यात होतं, कारण तिच्यात गॅसची काजळी आतल्या भागात येत नाही. मग कळलं की इनर्शियावाल्या बेनेली एम-२ मध्येही ही स्प्रिंग दस्त्यातच आहे. तो विचार तिथेच बारगळला.

नळीची कटकट फार नाही. वॅडचा, म्हणजे काडतुसातल्या छऱ्यांखालच्या प्लॅस्टिकच्या वाटीचा, थर चेंबरच्या पुढच्या उतारावर बसतो, तिथे ब्रश जास्त फिरवा. चोक (नळीच्या तोंडात बसणारी, छऱ्यांचा फैलाव ठरवणारी नळी) मात्र दर वेळी काढून आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर तो नळीत जाम होतो आणि मग दुरुस्तीवाल्याची नवी यादी.

बंदुकीला पैकीच्या पैकी दिले असते. पण रिकॉइल पॅडच्या त्या दोन लपलेल्या स्क्रूंसाठी अर्धा गुण कापतो. दस्ता आता वर्षातून एकदा तरी उघडावा लागेल आणि दर वेळी तेच रबर वाचवत बसायचं.