फ्रेडी मर्क्युरी आणि ब्रायन मे : दोन बालपणांची तुलना

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे हे दोन आधारस्तंभ, गायक फ्रेडी आणि गिटारवादक ब्रायन, संगीताकडे वळले ते अगदी वेगळ्या वाटांनी. फ्रेडी, म्हणजे फारुख बलसारा, १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मला आणि वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास आपल्या पाचगणीतील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. तेथे तो पियानो शिकला, आणि १९५८ च्या सुमारास त्याने शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा बँड उभा करून ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड आणि अमेरिकन गायक लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवली. घरापासून दूर असलेल्या या मुलाला श्रोते मात्र कायम हाताशी होते. रंगमंचावरील त्याच्या पुढच्या सहजतेची मुळे मला तेथेच दिसतात.

ब्रायन मे हा १९४७ साली इंग्लंडमधील मिडलसेक्समध्ये जन्मला आणि आईवडिलांजवळ एकुलता एक म्हणून वाढला. त्याच्यावर प्रभाव होता तो क्लिफ रिचर्डच्याच साथीदार ‘शॅडोज’ या बँडमधील हँक मार्विनच्या गिटारचा. (क्लिफ स्वतः लखनौचा, हेही गमतीचे.) महागडी गिटार परवडत नसल्याने १९६३ साली त्याने वडिलांच्या मदतीने स्वतःच गिटार बनवायला घेतली: मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, पट्टीवरील खुणांसाठी शिंपल्याची बटणे, आणि तारांचा ताण पेलायला मोटारसायकलच्या स्प्रिंगा.

फ्रेडीकडे विविधता अधिक होती. पण नादाच्या घडणीचा विचार करता मला मेचे बालपण अधिक फलदायी वाटते, कारण तीच गिटार तो पुढे ‘क्वीन’मध्ये वाजवत राहिला.