दाढीचं ब्लेड, रेझर, ट्रिमर: घरात लहान मूल असताना काय वापरावं, कुठे ठेवावं

माझी मुलगी दीड वर्षाची असताना एका सकाळी मी रेझर धुऊन बेसिनच्या कडेवर ठेवला आणि टॉवेल घ्यायला वळलो. परत पाहतो तर ती स्टुलावर चढलेली, रेझर हातात आणि निघालेली थेट गालाकडे. रोज सकाळी जे पाहत होती तेच ती करत होती. बोटाला छोटीशी चीर पडली, तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून अशी कुठलीही वस्तू मी एकाच कसोटीवर पारखतो: वापर संपल्यापासून ती जागेवर जाईपर्यंत किती वेळ उघडी पडते?

सुटं दुधारी ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं आणि दोन्ही कडांनी कापतं. मूल ते चिमटीत धरूच शकत नाही, धरताक्षणी बोट कापतं. शिवाय अशा रेझरबरोबर घरात ब्लेडं तीन ठिकाणी असतात: नवी पाकिटात, एक रेझरमध्ये आणि वापरलेली कुठेतरी. ही तिसरी जागाच बहुतेक घरांत ठरलेली नसते. कार्ट्रिजच्या रेझरमध्ये पाती प्लास्टिकच्या चौकटीत पक्की बसवलेली असतात, बाहेर दिसते ती फक्त अरुंद धार. त्यामुळे सरळ जखम सहसा उथळ होते. पण रेझर आडवा ओढला तर कातडी सोलली जाते, आणि मूल तो आडवाच ओढतं. त्याच्या टोपणावर फार विसंबू नये. ते सहज निघतं आणि मग तोंडात जातं.

जाळीचा इलेक्ट्रिक शेव्हर या सगळ्यांत मला सर्वांत निर्धोक वाटतो, कारण पाती जाळीच्या आड फिरते. जाळी चेपली किंवा फाटली असेल, तर मात्र तो लगेच बाजूला काढा. ट्रिमरला लोक त्याच रांगेत बसवतात, ते बरोबर नाही. त्याचे दात उघडे असतात आणि कानाची पाळी किंवा बोटांमधली मऊ कातडी त्यात चिमटली जाते. बटण काही सेकंद दाबून धरल्यावर लॉक होणारा ट्रिमर मिळतो. घेणारच असाल तर तसा घ्या. आणि त्याच्यासोबत येणारी तेलाची छोटी बाटली विसरू नका. ते पातळ तेल मुलानं प्यायलं आणि ठसका लागून फुप्फुसात गेलं, तर त्रास धारेपेक्षा मोठा होऊ शकतो.

वस्तऱ्याबद्दल फार बोलायला नको. तो मिटतो, पण मिटलेला राहीलच याची खात्री नसते. मूल लहान आहे तोवर कुलपात, नाहीतर घराबाहेर.

नखांसाठी कात्रीपेक्षा नेलकटर बरा, कारण त्याची धार जबड्यात दडलेली असते. फक्त त्याच्या पोटातून बाहेर येणारं टोकदार पातं तपासा. ते नसलेला नेलकटर निवडा. अगदी तान्ह्या बाळासाठी गोल टोकाची कात्री चालते. खरी विसरली जाणारी वस्तू म्हणजे भुवयांचा रेझर. तो पेनासारखा दिसतो आणि मेकअपच्या पाऊचमध्ये, मुलाच्या हाताशीच पडलेला असतो.

आता जागा. उंच फळी रांगत्या मुलापुरती ठीक आहे. ते चढायला लागलं की तिचा भरवसा धरू नये. घरातल्या सर्वांत उंच स्टुलावर मुलाला उभं करा, हात धरून, आणि त्याची बोटं कुठवर पोचतात ते पाहा. कमोडवरही तसंच पाहा. बरेचदा फळी त्या उंचीच्या आतच निघते.

कपाटाला लावायची कडी दोन प्रकारची. बाहेरून चिकटवायच्या पट्टीचा गोंद बाथरूमच्या वाफेनं सैल होतो, आणि तीन वर्षांचं मूल तिची युक्ती ओळखतं. आतून बसणारी चुंबकी कडी यापेक्षा कितीतरी चांगली, कारण दार ढकललं की ती आपोआप लागते. घाईच्या सकाळी, झोपेतल्या डोळ्यांनीही. ती उघडायला बाहेरून चुंबक लावावा लागतो. तो चुंबक मात्र सोयीसाठी त्याच दाराला चिकटवून ठेवू नका. कडी स्क्रूनं बसवता आली तर उत्तम.

आकड्यांच्या कुलपाची पेटी सर्वांत भक्कम. तरी रोजच्या रेझरसाठी मी ती सुचवणार नाही. ओला रेझर बंद पेटीत गंजतो, म्हणून माणूस ती वाळवण्यासाठी उघडी ठेवतो, आणि उघड्या पेटीचा काही उपयोग नाही. म्हणून आमच्या घरी अशी वाटणी आहे: रोजचा रेझर पाणी झटकून चुंबकी कडीच्या कपाटात, भोकांच्या स्टँडवर. नवी ब्लेडं, कात्र्या आणि भुवयांचा रेझर कुलपाच्या पेटीत. कडी आणि नवा शेव्हर यांपैकी एकच गोष्ट घेणं शक्य असेल, तर आधी कडी घ्या. नवा शेव्हर नंतर आला तरी चालेल.

वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून टाकू नये. कागद भिजतो, धार बाहेर येते, आणि कचरा उचलणाऱ्याचा हातही कापतो. पत्र्याच्या जाड डबीला अरुंद फट असली की ब्लेड आत जातं, परत निघत नाही. डबी भरली की फट चिकटपट्टीनं बंद करा.

मुलाला खेळायला रिकामा रेझर द्यावा का? मी देत नाही. रिकामा कुठला आणि ब्लेड घातलेला कुठला, हे त्याला हाताळून कळत नाही.

कापलंच तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडानं १० मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून पाहू नका. जखम खोल असेल, कडा दूर झाल्या असतील, रक्त थांबत नसेल किंवा बोट नीट हलत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. ब्लेडचा तुकडा गिळल्याची शंका आली तर उलटी काढायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आणि पाहुणे आले की त्यांची बॅग. ती जमिनीवर ठेवलेली असते, चेन उघडी असते, आत दाढीचं सामान असतं. आम्ही आल्याबरोबर ती मागून घेतो आणि कपाटाच्या वर ठेवतो. कारण सांगितलं की कुणालाही वाईट वाटत नाही.