शाहूपुरीतलं जुनं गूळ-गोदाम, आता कार्यक्रमाचा हॉल: दिव्यांपुरतं परीक्षण

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि आम्हा हौशी नाटकवाल्यांची जागेसाठी शोधाशोध सुरू झाली. त्यातच हा हॉल सापडला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या या पेठेतलं हे अडत्याचं गुळाचं गोदाम. काळ्या दगडाच्या जाड भिंती, छत पेलणारे सागवानी सांगाडे म्हणजे कैच्या, वर कौलं. मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, म्हणून भाडं आणि पार्किंग बाजूला ठेवून फक्त दिव्यांबद्दल लिहितोय.

जुन्या वास्तूचा हॉल करताना पुष्कळ जण फॉल्स सीलिंग ठोकून कैच्या झाकतात, नाहीतर भिंतीभर रंगीत एलईडी पट्ट्या फिरवतात. इथे तसलं काही नाही. वायरसाठी चुन्याचा गिलावा कुठेही फोडलेला नाही. कैच्यांना रबर लावून क्लॅम्प आवळलेत आणि त्यांवर पाइप टाकलेत. लाकडात एक स्क्रू नाही. उद्या सगळं उतरवलं तरी वास्तू होती तशी राहील, आणि माझ्या लेखी हीच पहिली अट आहे.

यांनी दिवे कायमचे बसवलेच नाहीत, दिव्यांच्या जागा तयार केल्यात. प्रत्येक पाइपवर ठरावीक अंतराने वीज आणि डीएमएक्स (दिव्यांना कमी-जास्त करायचे आदेश नेणारी वायर) दोन्ही पोचवलंय. दुपारी डोहाळेजेवणाचा झोपाळा मधोमध, संध्याकाळी गाण्याची बैठक पश्चिमेच्या भिंतीला, असं असलं तरी अडत नाही. दिवा काढायचा, हव्या त्या पाइपला टांगायचा, सेफ्टी चेन अडकवायची, चॅनेल जुळवायचं. एका डीएमएक्स लाइनवर ५१२ चॅनेल, म्हणजे आदेशांचे स्वतंत्र क्रमांक, मिळतात, एवढ्या हॉलला ते भरपूर झाले. आमच्या एकांकिकेला १५ अंशांचे अरुंद झोत लागत होते, तेही त्यांच्याकडेच मिळाले.

काळा दगड प्रकाश खातो. समोरून कितीही वॅट ओता, भिंत मेल्यासारखीच दिसते. इथे दिवे भिंतीच्या पायथ्याशी, अगदी चिकटून, वर तोंड करून ठेवलेत. त्या तिरप्या उजेडात दगडावरचा छिन्नीचा एकेक घाव उठून दिसतो. शिवाय पाहुण्यांच्या डोळ्यांवर काही येत नाही. हे ज्यानं ठरवलं त्याला मनापासून दाद.

जेवणाच्या बाजूला २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचे, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) ९० च्या वरचे दिवे आहेत. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो, मग तांबडा रस्सा तपकिरी आणि पैठणीचा काठ मळका दिसतो. इथे रस्स्यावरचा कट दिसायला हवा तसाच लालभडक दिसला. मोबाइलच्या व्हिडिओतही पट्टे आले नाहीत, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे ड्रायव्हर चांगल्या प्रतीचे घेतलेत.

आता खटकलेल्या गोष्टी. लाइट जाऊन जनरेटर सुरू झाला की सगळे दिवे एकदम पूर्ण उजेडात पेटतात. आमच्या प्रयोगात नेमक्या हळव्या प्रसंगात हे झालं आणि सगळा परिणाम गेला. कंट्रोलरला छोटा यूपीएस जोडून आणि दिव्यांना आधीची पातळी राखायची सेटिंग देऊन हे सुटेल, मालकांना मी तसं सांगितलंय. दुसरं, अगदी मंद करत नेताना शेवटी दिवा झटक्यात विझतो. लग्नाला चालेल, नाटकाला नाही. आणि दारातले बाहेरचे दिवे आतल्या मानाने फार पांढरे आहेत, ते बदलायलाच हवेत.

बुकिंग करताना एक करा: बैठकीचा नकाशा आदल्या दिवशीच त्यांच्या ऑपरेटरला द्या आणि दिवे हलवताना स्वतः उभे राहा. तो शिडीवरून उतरून पुन्हा चढायला कंटाळत नाही. नाटकाला, बैठकीला, पुस्तक प्रकाशनाला जागा घ्याच. मोठ्या लग्नाला मात्र मंडपाचे दिवे बाहेरून आणावे लागतील.