कुत्रा चावला: सरकारी की प्रायव्हेट?

माझ्या भाच्याला पोटरीला कुत्रा चावला, दोन दातांची खोल भोकं अन् रक्त, आणि वहिनी हळद भरायला निघालेली, मी नळाखाली पाय धरला आणि साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुतला, तो किंचाळत होता तरी. ते आधी, मग कुठं जायचं ते बघा.

सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीचं इंजेक्शन फुकट. तिथं बहुतेक कातडीत देतात, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. प्रायव्हेटला दंडाच्या स्नायूत, पाच डोस, १४वा दिवस जास्तीचा. दोन्ही तितकंच काम करतात, पैसे मोजले म्हणून औषध भारी होत नाही. प्रायव्हेटला रांग नसते एवढंच, रोजंदारीवाल्याचा खाडा वाचतो, ते पण खरंच आहे.

पण रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडी, लसीपेक्षा वेगळं औषध) भरावं लागतं, वजनावर डोस ठरतो, ते लहान क्लिनिकमध्ये बऱ्याचदा नसतंच. आम्हाला एका डॉक्टरने नुसती लस टोचून घरी पाठवलं होतं! म्हणून खोल चावा असेल तर मी सरळ जिल्हा रुग्णालय म्हणेन, रक्त न आलेला ओरखडा असेल तर जे जवळ असेल ते, फक्त त्याच दिवशी.