ईमॅक्समध्ये नोटबुक: ईआयएन की ऑर्ग-बेबल?

रावेरच्या केळीभावांचा हिशेब पायथनमध्ये मांडायचा आणि ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटरही सोडायचा नाही, तर नोटबुकसाठी, म्हणजे कोड, त्याचं उत्तर आणि टिपणं एकत्र ठेवणाऱ्या फाइलीसाठी, दोन वाटा आहेत. ईआयएन हे ईमॅक्सचं पॅकेज ज्युपिटर या नोटबुक चालवणाऱ्या प्रणालीच्या सर्व्हरला जोडून तिची आयपीवायएनबी (.ipynb) फाइल ईमॅक्समध्येच उघडतं. जळगावातले सहकारी ब्राउझरवर त्याच फाइलीत काम करत असतील, तर हेच घ्या.

मला मात्र दुसरी वाट, ऑर्ग-बेबल, फार आवडते: ईमॅक्सच्या ऑर्ग फाइलीतच कोडचे ब्लॉक लिहून चालवायचे. फाइल म्हणजे साधा मजकूर, त्यामुळे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये बदललेली ओळ नेमकी दिसते. आयपीवायएनबी ज्या जेसन (JSON) या मजकूर-साच्यात साठवली जाते, त्यात आलेखांची चित्रंही अक्षरं होऊन कोंबलेली असतात. फरक वाचणं जिकिरीचं. ऑर्गमध्ये वरच्या तक्त्यातले भाव खालच्या कोडला थेट देता येतात, पायथनशेजारी आर (R) आणि एसक्यूएल (SQL) या भाषांतला कोडही चालतो. फक्त पायथनच्या ब्लॉकवर ‘सेशन’ (:session) हा पर्याय लावा, म्हणजे सगळे ब्लॉक एकाच चालू पायथनमध्ये चालतात. नाहीतर प्रत्येक ब्लॉक कोऱ्या पाटीनं सुरू होतो आणि आधीचे व्हेरिएबल त्याला सापडत नाहीत.