फ्लास्क-डब्ल्यूटीएफ: फॉर्मसाठी घ्याच, पण हे माहीत करून घ्या

पायथॉनमध्ये वेब ॲप करताना फॉर्मचं काम सगळे शेवटी उरकतात आणि वापरणाऱ्याला सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच होतो. एवढं सगळं भरलं, एक रकाना चुकला, सबमिट दाबलं आणि अख्खा फॉर्म कोरा होऊन समोर आला की माणूस परत भरत नाही, सरळ निघून जातो. म्हणून फॉर्मची लायब्ररी मी आधी यावरच जोखतो की भरलेलं जागेवर राहतं का आणि काय चुकलं ते त्या त्या रकान्याखाली दिसतं का. फ्लास्क-डब्ल्यूटीएफ (पायथॉनच्या फ्लास्क या वेब फ्रेमवर्कसाठीची फॉर्मची लायब्ररी) यात पास आहे, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

नुसत्या फ्लास्कमध्ये रिक्वेस्टमधून एकेक व्हॅल्यू हाताने उचलायची, सगळं स्ट्रिंग म्हणूनच येतं मग वय असो की रक्कम, आणि चेकबॉक्सला टिक नसेल तर ब्राउझर त्याचं नावसुद्धा पाठवत नाही, म्हणजे तुम्ही चौकटी कंसात ते नाव मागितलं की थेट ४०० चा, म्हणजे रिक्वेस्टच चुकीची असल्याचा एरर. इथे एक क्लास लिहायचा, त्यात फील्ड आणि त्यांचे नियम, बास. टिक नसलेला चेकबॉक्स गुपचूप फॉल्स होतो, आकडा आकडा म्हणून मिळतो, एररचे मेसेज आपल्या भाषेत देता येतात, आणि 'हे युजरनेम आधीच घेतलंय' असली तपासणी हवी असेल तर त्याच क्लासमध्ये व्हॅलिडेट_ पुढे फील्डचं नाव लावून मेथड लिहिली की ती आपोआप चालते. नियम शोधायला दहा फाइली उघडाव्या लागत नाहीत, मला हे फार आवडतं.

आता एक स्टार कुठे गेला ते. टेम्प्लेटमध्ये हिडन_टॅग (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे पटवणारं सीएसआरएफ टोकन फॉर्ममध्ये लपवून घालतो तो) टाकायचा राहिला तर व्हॅलिडेट_ऑन_सबमिट (फॉर्म सबमिट होऊन तपासणीत पास झाला का ते सांगणारी मेथड) नुसतं फॉल्स देतं, पेज परत लोड होतं आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही, नवीन माणूस डोकं धरून बसतो. फॉर्म.एरर्स प्रिंट करून बघा, सीएसआरएफ टोकन मिसिंग आहे असं तिथे लिहिलेलं सापडेल.

दुसरं म्हणजे डेटारिक्वायर्ड, रकाना भरलाच पाहिजे असा नियम. बहुतेक उदाहरणांत हाच असतो म्हणून सगळे हाच लावतात, पण आकड्याच्या रकान्यात कोणी ० भरला तर हा म्हणतो रकाना रिकामा आहे! कारण तो बदलून झालेली व्हॅल्यू बघतो आणि पायथॉनला ० म्हणजे खोटं. तिथे इनपुटरिक्वायर्ड लावा. ड्रॉपडाउनमध्ये आयडी आकड्यात ठेवले असतील तर कोअर्स=इंट पण लागतं, नाहीतर निवडलेला आयडी आकडा म्हणून नाही, स्ट्रिंग म्हणून हातात येतो.

सगळ्यात जास्त खटकतं ते टोकनची मुदत. डीफॉल्ट ३६०० सेकंद, म्हणजे १ तास. कोणी मोठा अर्ज उघडून मधेच कागदपत्रं शोधायला उठलं आणि तासाभराने सबमिट केलं, आणि तुम्ही पूर्ण ॲपला सीएसआरएफप्रोटेक्ट (प्रत्येक सबमिटचं टोकन आधीच तपासणारा भाग) लावलं असेल, तर तुमचा कोड चालायच्या आधीच ४०० चं पान येतं, भरलेलं परत दाखवायची संधीच मिळत नाही. अर्ज मोठे असतील तर कॉन्फिगमधल्या डब्ल्यूटीएफ_सीएसआरएफ_टाइम_लिमिट ला नन (None) द्या, मग टोकन सेशन असेपर्यंत चालतं.

फाइल अपलोड ठीकठाक. फॉर्म टॅगमध्ये मल्टिपार्ट एनकोडिंग स्वतः लिहावं लागतं, ते राहिलं तर सर्व्हरला फाइल मिळतच नाही. आणि फाइलअलाउड नुसतं नावाचं एक्स्टेन्शन बघतं, आत काय आहे ते नाही, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून बसू नका, साइजची मर्यादाही फ्लास्कच्या कॉन्फिगमध्ये घाला. ईमेल तपासायचा तर ईमेल-व्हॅलिडेटर वेगळं इन्स्टॉल करावं लागतं.

सेव्ह झाल्यावर रीडायरेक्ट करणं मात्र तुमच्याच हातात, लायब्ररी ते करत नाही, आणि केलं नाही तर रिफ्रेश दाबल्यावर तीच नोंद दुसऱ्यांदा जाऊ शकते.

जँगो या पायथॉनच्या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कवर असाल तर हे नकोच, तिथले फॉर्म आणि मॉडेलफॉर्म हेच काम करतात. फ्रंटएंड वेगळा असून नुसतं जेसन येत असेल तर पायडँटिक ही डेटा तपासणारी लायब्ररी बघा. पण सर्व्हरवरच पान बनवून देणारं फ्लास्क ॲप असेल तर पहिल्या फॉर्मपासूनच हे वापरा, नंतर बदलायला फार वेळ जातो.