स्वीडिश गॉगल: शर्यतीचा चष्मा, बांधायचा आपल्या हातांनी

पाकीट उघडलं की हातात सुटे भागच पडतात: कडक प्लास्टिकचे दोन कप, एक बारीक दोरी, दोरीवर चढवायची छोटी रबरी नळी आणि लेटेक्सचा लांब पट्टा. कपांच्या कडेला सिलिकॉनची गादी नाही, नाकाचा तयार तुकडा नाही, पट्ट्याला बकल नाही. तरीही स्वीडनच्या माल्मस्टेन कंपनीचा पोहण्याचा हा गॉगल १९७० च्या दशकापासून जवळपास आहे तसाच विकला जातो आणि जगभरचे स्पर्धक तो वापरतात. नीट बांधला तर शर्यतीसाठी याच्याइतका भरवशाचा गॉगल या किमतीत दुसरा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. घाईत बांधला तर मात्र पहिल्याच उडीला पाणी आत येतं.

गॉगल हा शर्यतीचा भाग तसा अलीकडे झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं आणि सातही विश्वविक्रम गॉगल-कॅपशिवाय केले. मोठ्या स्पर्धेत दोन्ही एकत्र वापरणारा पहिला नामांकित जलतरणपटू म्हणून डेव्हिड विल्कीचं नाव घेतलं जातं. कोलंबोत जन्मलेला हा स्कॉटिश पोहणारा १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत कॅप-गॉगल घालून उतरला आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य जिंकला. म्युनिकमध्ये याच प्रकारात तो जॉन हेन्केनच्या मागे दुसरा आला. १९७६ साली मॉन्ट्रियलला त्याने हेन्केनला मागे टाकलं: २:१५.११, हेन्केनच्याच विश्वविक्रमापेक्षा तीन सेकंदांहून जास्त वेगवान. त्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या पोहण्यातली १३ पैकी १२ सुवर्णं अमेरिकेने नेली, तेरावं विल्कीचं. गॉगलमुळे तो जिंकला असं कुणी म्हणणार नाही. पण क्लोरीनच्या पाण्यात उघड्या डोळ्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ किती किलोमीटर पोहता येईल याला मर्यादा पडते, आणि गॉगल आल्यावर ती मर्यादा उठली. गॉगलचा फायदा झाला तो असा, शर्यतीआधीच्या सरावाच्या महिन्यांत.

आता बांधणी. आधी कपांच्या कडांवरून बोट फिरवा. साच्यातून निघताना राहिलेली बारीक धार लागली, तर पाण्यात भिजवलेल्या अगदी बारीक सँडपेपरने हलकेच घासा, फक्त धार असेल तिथेच. सगळी कड घासली की तिचा आकार बिघडतो आणि तिथून कायम गळती लागते. मग कप न बांधता एकेक करून डोळ्याच्या खोबणीत दाबून पाहा. पट्ट्याशिवायही तो दोन-तीन सेकंद चिकटून राहिला पाहिजे. दोन्ही बाजूंनी प्रयत्न करूनही कप चिकटतच नसेल तर तुमच्या चेहऱ्याला हा साचा बसत नाही. इथेच थांबलेलं बरं. डावा कप उजव्या डोळ्यावर धरला तरीही तो चिकटत नाही, हेही लक्षात ठेवा.

दोन्ही कप डोळ्यांवर धरून आरशात नाकावरचं अंतर पाहा. पाकिटातली नळी बहुतेकांना लांब पडते, ती त्या अंतराइतकी कापा. एकदम कापू नका. थोडी लांब ठेवून एकेक मिलिमीटर कमी करत जा. दोरी नळीतून घालून एका कपाच्या भोकातून फिरवा, त्याच नळीतून परत आणा, दुसऱ्या कपातून काढा आणि दुहेरी गाठ मारा. टोकं लगेच कापू नका. गॉगल तसाच घालून थोडं पोहा, अंतर जमलं की गाठ पक्की करा, टोकं कापून गाठ नळीत सरकवा. ती बाहेर राहिली तर नाकाची कातडी सोलते.

गळती कुठून होते यावरून चूक कळते. नाकाच्या बाजूने पाणी येत असेल तर दोरी बहुधा आखूड आहे आणि कप नाकाच्या हाडावर चढतायत. कानाच्या बाजूने येत असेल तर दोरी लांब आहे, कप बाहेर ओढले जातायत. अशा वेळी बहुतेकजण पट्टा आवळतात, तिथेच सगळं चुकतं. कप खोबणीतल्या चोषणाने बसतो, पट्टा त्याला फक्त जागेवर ठेवतो. आवळलेल्या पट्ट्याने डोळ्यांभोवती लाल वळी उठतात, डोकं दुखतं आणि पाणी तरीही येतंच. पट्टा दोन फेऱ्यांत घ्या, एक डोक्याच्या फुगीर भागाच्या वर आणि एक खाली.

खरी परीक्षा उडीची. स्पर्धेचा ब्लॉक, म्हणजे उडीचा चौथरा, पाण्यापासून ५० ते ७५ सेंटिमीटर उंच असतो आणि हनुवटी वर राहिली की पाण्याचा मारा थेट कपांवर बसतो. स्वीडिशची उंची कमी, त्यामुळे पाण्याला पकडायला फारसं काही मिळत नाही; गादीच्या गॉगलपेक्षा तो इथे सरस ठरतो. पट्टा दोन कॅपच्या मध्ये ठेवायची पद्धत आहे: आत लेटेक्सची, वर सिलिकॉनची. गॉगल सुटत नाही, पण पाणी भरलं तर शर्यतीत तो काढताही येत नाही. २००८ साली बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत मायकेल फेल्प्सचे गॉगल पाण्याने भरले. शेवटच्या टप्प्यात भिंत दिसत नव्हती, तेव्हा मारलेले हात मोजत त्याने १:५२.०३ चा विश्वविक्रम केला. तलावाच्या एका लांबीत आपले किती हात होतात हे प्रत्येक स्पर्धकाला पाठ हवं, गॉगल कुठलाही असो.

काचेचा रंग तलाव पाहून घ्या. आपल्याकडचे बरेच तलाव उघडे आहेत. दुपारच्या उन्हात बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं, पोहायचं तर आरशाची किंवा गडद काच हवी. पहाटेच्या आणि छताखालच्या सरावाला पारदर्शक किंवा निळी पुरते. धुकं न धरणारा लेप असलेला प्रकार मिळतो, पण आतून बोट फिरवलं की लेप जातो. वापर झाल्यावर साध्या पाण्याने धुवा, न पुसता सावलीत वाळवा. लेटेक्स क्लोरीनने आणि उन्हाने चिकट होतो, बारीक भेगा दिसल्या की पट्टा बदला. त्याजागी बंजी दोरी, म्हणजे ताणली जाणारी लवचीक दोरी, लावली तर ती जास्त टिकते.

लहान मुलांना आणि नुकतंच पोहायला शिकणाऱ्यांना हा गॉगल देऊ नये. कड कडक आहे. कप पुढे ओढून सोडला तर तो डोळ्यावर आपटून गंभीर इजा होऊ शकते. काढताना मागून पट्टा धरून वर उचलायचा, कप कधीच ओढायचे नाहीत. गर्दीच्या लेनमध्ये कुणाचा हात तोंडावर बसला तरी कड टोचते, म्हणून रोजच्या लांब सरावाला गादीचा गॉगल वापरून स्वीडिश वेगाच्या सरावफेऱ्यांसाठी आणि शर्यतीसाठी ठेवणं बरं. स्पर्धेला जाताना दुसरी जोडी पूर्ण बांधून, एकदा पाण्यात तपासून सोबत न्या. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी स्पर्धकांना जमवतात त्या खोलीत, दोरी तुटली तर नवी गाठ मारून अंतर जुळवायला वेळ नसतो.